१ जानेवारीच्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट तांबे यांचं नाव का नसतं?

दरवर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना दोन याद्या देतात. पहिली यादी अणुप्रकल्पांची. युद्ध झालं तरी बोईसरशेजारच्या तारापूरसारख्या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, असं दोन्ही देशांनी १९८८ मध्ये लिहून दिलंय. दुसरी यादी कैद्यांची. आपल्या तुरुंगात समोरच्या देशाचे कोण कोण आहेत, हे २००८ च्या करारानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला कळवावं लागतं. मे २०२५ च्या संघर्षानंतरही हा शिरस्ता मोडला नाही.

पालघर जिल्ह्यात या दुसऱ्या यादीकडे डोळे लावून बसलेली घरं आहेत. डहाणू-तलासरीकडचे तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि कधी कधी पाकिस्तानच्या हाती लागतात. २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. मृतदेह घरी यायला महिन्याहून जास्त काळ लागला.

पण ५४ नावं अशी आहेत, जी पाकिस्तानच्या यादीत कधीच येत नाहीत. त्यातलं एक नाव फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं.

५ डिसेंबर १९७१ ला काय झालं?

३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध पेटलं. दोनच दिवसांनी तांबे यांचं सुखोई-७ विमान पाकिस्तानातल्या शोरकोट तळावरच्या हल्ल्यात पडलं. सुखोई-७ हे सोव्हिएत बनावटीचं लढाऊ-बॉम्बर. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरमध्ये आठ-दहा जण असायचे. त्यातला एखादा वाचला, तर बाकीच्यांचं काय झालं ते सांगू शकायचा. सुखोई-७ मध्ये मात्र वैमानिक एकटाच. विमान पडलं की काय घडलं हे सांगायला आतलं दुसरं कुणी उरत नाही.

त्यानंतर पाकिस्तानातल्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. त्यात ‘टॉम्बे’ असं नाव होतं. हे तांबेच, असं कुटुंबाचं म्हणणं. विजय यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

मग बाकीचे वैमानिक कसे परतले?

दिलीप पारुळकरही सुखोई-७ चेच वैमानिक. १० डिसेंबरला त्यांचं विमान पडलं आणि ते पकडले गेले. त्यांना रावळपिंडीच्या छावणीत ठेवलं होतं. ऑगस्ट १९७२ मध्ये ते दोन साथीदारांसह छावणीतून निसटले आणि अफगाण सीमेजवळ लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तिथे पुन्हा पकडले गेले. तरीही १ डिसेंबर १९७२ ला ते बाकीच्या युद्धकैद्यांबरोबर वाघा सीमेवरून भारतात आले.

फरक पडला तो नोंदीमुळे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पकडलेल्या सैनिकाचं नाव आणि हुद्दा त्याच्या देशाला कळवावा लागतो. एकदा हे कळवलं की तो माणूस अधिकृतपणे युद्धकैदी ठरतो आणि युद्ध संपल्यावर त्याला सोडणं बंधनकारक होतं. नोंदच केली नाही, तर ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ म्हणणं सोपं जातं. पाकिस्तान गेली पन्नासहून अधिक वर्षं हेच उत्तर देतोय.

९३ हजार कैदी हातात असताना ५४ जण कसे राहिले?

सोशल मीडियावर हा प्रश्न दरवर्षी १६ डिसेंबरला फिरतो. ढाक्याच्या शरणागतीनंतर सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे ९३ हजार पाकिस्तानी भारताच्या ताब्यात होते. २ जुलै १९७२ चा सिमला करार झाला, पण त्यात सुटकेचा तपशील ठरला नव्हता. ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर ते कैदी परत जाऊ लागले आणि १९७४ मध्ये हे काम पूर्ण झालं. बेपत्ता सैनिकांपैकी ४० जणांची नावं सरकारने संसदेत मांडली ती १९७९ मध्ये. तोवर अदलाबदलीसाठी भारताच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

शोध झालाच नाही, असं नाही. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानचा तुरुंग दाखवला गेला. २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांमध्ये जाऊन आले. कुणीच सापडलं नाही. त्याच सुमारास दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची कैद्यांसाठी समिती बनली. तिची शेवटची भेट २०१३ मधली. भारत सरकार आजही ५४ जणांसह ८३ सैनिक पाकिस्तानात असल्याचं मानतं आणि प्रत्येक यादीच्या वेळी त्यांची सुटका मागतं.

आता नेमकं काय मागायचं?

२५ जानेवारी १९४४ ला अमेरिकेचं बी-२४ बॉम्बर चीनमधल्या कुनमिंगहून आसामकडे येताना आजच्या अरुणाचल प्रदेशात कोसळलं. आत आठ जण होते. अवशेष सापडले २००६ मध्ये. एप्रिल २०१६ मध्ये भारताने मानवी अवशेष अमेरिकेला सोपवले आणि २०१७ मध्ये त्यातून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली. ७३ वर्षांनी त्यांच्या गावी, जॉर्जियात अंत्यसंस्कार झाले. हे शक्य झालं, कारण अमेरिकेत बेपत्ता सैनिक शोधणारी कायमस्वरूपी सरकारी यंत्रणा आहे आणि इथे भारताने शोधाला परवानगी दिली.

१९७१ मध्ये तरुण असलेले वैमानिक आज हयात असले तर पंच्याहत्तरी-ऐंशीत असतील. सगळे जिवंत परत येतील ही आशा आता फार थोड्यांना असेल. पण विमान कुठे पडलं, वैमानिक पकडला गेला का, मेला असेल तर कुठे पुरलं, या प्रश्नांची उत्तरं जुन्या दप्तरांत आणि जमिनीत मिळू शकतात. त्यासाठी न्यायमूर्तींची समिती पुन्हा सुरू करणं, १९७१ च्या छावण्यांच्या नोंदी मागणं आणि अवशेष मिळाल्यास डीएनए तपासणी करणं, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. वर्षातून दोनदा याद्या देणाऱ्या दोन देशांना हे अशक्य नाही.