दाढ काढणे हा शेवटचा इलाज

"दुखते ना दाढ, मग काढूनच टाका ना जी." यवतमाळ जिल्ह्यातल्या दातांच्या दवाखान्यात हे वाक्य रोज कानावर पडते. त्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही, म्हणून आधी तो नीट मांडतो. कापूस विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही. दाढ काढायला काही शे रुपये लागतात; रूट कॅनल आणि वर कॅप म्हटली की काही हजार. झरी-जामणीहून किंवा उमरखेडहून यवतमाळला तीनदा यायचे, तर एसटीचे भाडे वेगळे आणि बुडालेली मजुरी वेगळी. एवढे करून दाढ पुन्हा ठणकली तर? बत्तिसांतली एक गेली तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. दाढ गेली की शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेकडे कलते आणि समोरच्या जबड्यातली दाढ आधार नसल्याने हळूहळू त्या जागेत सरकू लागते. कललेल्या दाढेच्या फटीत अन्न अडकते आणि तीही किडते. माणूस एकाच बाजूने चावू लागतो. पुढे कधी ब्रिज बसवायचा ठरला, तर दोन्ही बाजूंचे धडधाकट दात घासावे लागतात. म्हणजे आज वाचवलेले पैसे काही वर्षांनी तीन दातांवर वसूल होतात. आणि खरा स्वस्त इलाज तर दाढ दुखण्याच्या आधीच असतो. कीड वरच्या कवचापुरती असताना सिमेंट भरून भागते, बहुधा एकाच फेरीत.

"रूट कॅनल टिकत नाही" या आक्षेपात तथ्य आहे, पण दोष पद्धतीचा नाही. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथी नळी असते. ती सापडली नाही तर आत जंतू राहतात. काम चालू असताना लाळ आत झिरपली तरी तेच. त्यासाठी दाताभोवती रबर डॅम नावाचा पातळ पडदा लावायचा असतो. ही युक्ती 1864 सालची आहे, तरीही ती टाळली जाते, याचा मला राग येतो. शिवाय नस काढलेली दाढ कमकुवत होते. दुखणे थांबले म्हणून रुग्ण कॅप बसवायला येतच नाही आणि एक दिवस चणे खाताना दाढ दुभंगते. आधी व नंतर एक्स-रे, रबर डॅम आणि वेळेवर कॅप, एवढे झाले तर ती दाढ वर्षानुवर्षे चावते. तीन फेऱ्यांची अडचणही आता तितकीशी उरलेली नाही: नळ्या साफ करणाऱ्या, यंत्रावर फिरणाऱ्या फाइलींमुळे बऱ्याच दाढांचे काम एका बैठकीत होते.

दाढ काढली की नजर जाते, ही भीती याच्या उलट टोकाची. दातांच्या संवेदना पाचव्या मस्तिष्क-चेतातंतूतून जातात, दृष्टी दुसऱ्यातून. वरच्या दाढेचा पू मात्र क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचू शकतो. म्हणजे नजरेला धोका असलाच, तर तो सडकी दाढ तोंडात तशीच ठेवण्यात आहे. दात साफ केल्याने हलू लागतात, हाही असाच उलटा निष्कर्ष. हिरडीखालचे हाड किटणाने आधीच खाल्लेले असते. किटण निघाल्यावर ते उघड होते, एवढेच.

आपल्या जिल्ह्याचे एक दुखणे वेगळे आहे. केळापूर, झरी-जामणी भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. एका लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, तर लहानपणी घडणाऱ्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग उमटतात. ते दात किडलेले नसतात, अस्वच्छतेचे तर नसतातच. दात न घासणारी म्हणून त्या पोरांना हिणवणे अन्याय आहे. डाग कमी करता येतात, दातांच्या रंगाचा पातळ थर देऊन झाकता येतात; त्यासाठी दात उपटण्याचे काही कारण नाही.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण. खर्ऱ्याने दाढदुखी थांबते, असे तरणी पोरे सांगतात. तंबाखू आणि चुन्याने जागा काही वेळ बधिर होते, हे खरे. पण सुपारीने गालाची आतली त्वचा आखडत जाते. सुपारी कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केले. निरोगी तोंडात तीन बोटे उभी मावतात. या पोरांच्या तोंडात एक मावायची मारामार. मागच्या दाढेपर्यंत फाइलच पोचत नाही, मग रूट कॅनल कसले करणार? तिथे दाढ काढणेसुद्धा अवघड होते. म्हणून पुसद, दारव्हा, पांढरकवड्याच्या रुग्णालयांत दाढ वाचवण्याचे साहित्य असावेच, शिवाय तापासाठी आलेल्या प्रत्येक तरुणाला तोंड उघडायला सांगून तीन बोटांची ही तपासणी व्हावी. तिला खर्च शून्य आहे, आणि ती करायला दंतवैद्यही लागत नाही.