जिंकून परदेशी जाणार म्हणणाऱ्या पोरांविषयी

"बाहेर जाचं आहे मॅडम. थोडा पैसा जमला का निघतो." आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूरपासून थेट देसाईगंज-आरमोरीपर्यंतच्या वस्त्यांमध्ये हे वाक्य आता वारंवार ऐकू येते. बाहेर म्हणजे पुणे-मुंबई नव्हे. दुबई, जर्मनी, कॅनडा. पैसा कुठून जमणार, असे विचारले की पोरगा मोबाईल पुढे करतो. रमी, पोकर, तीन पत्ती. घरच्या आईला वाटत असते, पोरगा रात्रभर मोबाईलवर काहीतरी कामच करतो.

आपल्या पोरांनी परदेशी जाऊ नये असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. जावे, जरूर जावे. कोळसा खाणीत किंवा वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबायचे, पोलीस भरतीसाठी पहाटे धावत राहायचे आणि वय निघून गेल्यावर घरी बसायचे, एवढेच त्यांच्या वाट्याला आले असेल तर त्यांनी बाहेरचे स्वप्न बघण्यात काय वाईट आहे? माझे भांडण त्या स्वप्नाला जो रस्ता जोडला गेला आहे त्याच्याशी आहे. आणि हा विषय मी आरोग्याच्या पानावर मुद्दाम घेते आहे, कारण हा रस्ता शेवटी दवाखान्यातच येतो.

जुगार आपल्याकडे नवा नाही. पोळ्याचे पत्ते, सट्टापट्टी, जंगलाच्या आडोशाचा कोंबडबाजार हे सगळे आपण पाहिले आहे. पण ते दिसत होते. दारूची भट्टी दिसत होती म्हणून बाया तिच्यावर चालून गेल्या. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी निघालेल्या बायांना आपली लढाई कुठे आहे ते माहीत होते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे होती. ती किती टिकली, किती फसली हा वाद वेगळा. पण पांघरुणात, कानात इअरफोन घालून चाललेल्या जुगारावर मोर्चा कुठे न्यायचा?

पोरांचे म्हणणे असते की हा जुगार नाही, हे कौशल्य आहे, स्किल. "मी रोज सुधारतो आहे मॅडम." हे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले होते. पोकर मात्र जुगारच आहे, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. पोकरमध्ये डोके लागते, हेही खरे आहे. पण प्रश्न डोक्याचा नाही, हिशेबाचा आहे.

पत्त्याच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून नाल काढतो, तशी ॲपवालाही काढतो. उदाहरण घ्या. सहा पोरे प्रत्येकी ५०० रुपये घेऊन बसली. टेबलावर ३,००० रुपये. एका डावात सरासरी २०० रुपये जमतात आणि कंपनी त्यातले पाच टक्के, म्हणजे १० रुपये कापते असे धरू. मोबाईलवर तासाला ६० डाव सहज होतात. म्हणजे तासाला ६०० रुपये. सहाही जण सारखेच हुशार असले तरी पाचेक तासांत टेबल जवळपास रिकामे होते आणि कोणी जिंकलेले नसते. एखाद्याला पुढे राहायचे असेल तर बाकीच्या पाचांना बुडवून वर नालही भरून काढावी लागते. त्यात समोर कोण बसले आहे हे दिसत नाही. माणूस आहे की संगणक, हेही कळत नाही.

दुसरी गोष्ट मला नर्स म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. शीर शोधून सुई टोचायला आम्ही शिकलो तेव्हा चूक लगेच कळत होती. हात सुजायचा, पेशंट ओरडायचा. अशी चूक कळते म्हणून माणूस सुधारतो. पोकरमध्ये चुकीचा डाव खेळूनही पैसे येतात आणि बरोबर खेळूनही जातात. चांगला खेळाडू महिनोन्‌महिने हरू शकतो, अडाणी खेळाडू पंधरा दिवस जिंकू शकतो. आपण सुधारलो की नशिबाने तरलो, हे कळायला हजारो डावांचा लेखी हिशेब ठेवावा लागतो. जे पोटापाण्यासाठी खेळतात ते तसा हिशेब ठेवतात. आपल्या पोरांकडे कोणता हिशेब असतो? जिंकल्याचा स्क्रीनशॉट. हरल्याचा स्क्रीनशॉट कोणी काढून ठेवत नाही.

यात सरकारचाही वाटा होता. ऑक्टोबर २०२३ पासून खेळात टाकलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, निव्वळ जिंकलेल्या पैशांतून ३० टक्के आयकर आधीच कापला जात होता. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीच घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे खेळ थांबवले. तेव्हा मला वाटले, चला, सुटलो. पण पोरे टेलिग्रामवरच्या लिंकवर गेली. तिथला धनी परदेशात, खाते भलत्याच्याच नावाचे. जिंकलेले पैसे दिले नाहीत तर तक्रार कोणाकडे करणार?

आणि या धंद्यातून परदेशी खरोखर गेले कोण, तेही बघा. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याला ऑनलाईन गेमिंगमध्ये ५८ कोटींना बुडवल्याचा गुन्हा दाखल झाला. ॲपमध्येच फेरफार केलेली होती, असे पोलिसांचे म्हणणे. आरोपी आपल्या शेजारच्या गोंदियाचा. छापा पडण्याआधीच तो दुबईला पोहोचल्याच्या बातम्या होत्या. महादेव ॲपचे प्रकरणही तसेच. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमधल्या भिलाईची माणसे दुबईत बसून सट्ट्याचे जाळे चालवत होती, असा ईडीचा आरोप आहे. विमानात बसले ते खेळ चालवणारे. खेळणारा आपल्या खाटेवरच आहे.

आता आजाराकडे येते. जुगाराचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो दारूच्या व्यसनासारख्याच गटात आहे. बक्षीस नेमके कधी मिळेल हे ठाऊक नसते तेव्हा मेंदू जास्त चेकाळतो. थोडक्यात हुकलेला डावही त्याला जिंकल्यासारखाच वाटतो. कंपवाताच्या काही गोळ्यांनी आयुष्यात कधी पत्ता न पिसलेल्या म्हाताऱ्यांना जुगाराचा नाद लागल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे, आणि गोळी बदलली की नाद जातो. हे मी एवढ्यासाठी सांगते की "संस्कार कमी पडले" म्हणून आईला बोल लावणाऱ्यांनी जरा थांबावे.

घरात ओळखायचे कसे? रक्कम वाढत जाते. खेळ बंद केला की चिडचिड, येरझाऱ्या. काल गेलेले आज परत मिळवायचेच, हा हट्ट. खोटे बोलणे. मित्रांकडून, मग लोन ॲपवरून, मग बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सचे कर्ज. रात्री एक ते चार जागरण आणि सकाळी पाळीला डोळे लाल. अशा झोपाळू पोराला मशीनजवळ उभे करणे किती धोक्याचे आहे ते खाणकामगारांच्या घरी सांगायला नको. आठवड्याचा हप्ता भरायला घरातली बाई एक वेळ कमी जेवते. शिबिरात तिचे हिमोग्लोबिन तपासताना आम्हाला जुगार दिसतो तो असा.

सगळ्यात मोठी भीती जिवाची. कर्ज उघडे पडल्यानंतरचे दिवस फार नाजूक असतात. त्या दिवसांत शिव्या, मार, पंचांसमोर उभे करणे, वस्तीत बोभाटा हे सगळे बंद ठेवा. जवळ बसा आणि सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं काय?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे. उलट विचारले की माणूस बोलतो. फवारणीचे औषध घरात असेल तर त्याच दिवशी दुसरीकडे हलवा. त्याला एकटे ठेवू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तिथे घेऊन जा. प्रयत्न झालाच असेल तर पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला शिक्षा होत नाही.

कर्जाचे काय करायचे यावर घरोघरी भांडण असते. माझे मत स्पष्ट आहे. पट्टीभर वावर विकून एका दमात सगळे फेडू नका. तसे फेडले की महिन्याभरात नवे कर्ज उभे राहते, कारण आजार तिथेच असतो. आधी सगळ्या कर्जाची यादी एका कागदावर त्याच्याच हाताने लिहून घ्या. पैसे सावकाराला थेट द्या, पोराच्या हातात नको. पगार काही महिने आईच्या किंवा बायकोच्या हातात यावा. यूपीआय बंद, साधा बटणाचा फोन. पहिले एक-दोन आठवडे तो चिडेल, झोपणार नाही. ते उतरते. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर क्रमांकावर लगेच कळवा, उशीर केला तर पैसा पुढच्या पुढच्या खात्यांत निघून जातो.

आणि एक उपाय मात्र कृपा करून करू नका. "लग्न करून द्या, सुधरते." दारुड्यांच्या बाबतीत हा उपाय आपण दोन पिढ्या करून पाहिला. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकला तर वैर, हरला तर शोक, हातचे धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र मान देत नाहीत, आणि सहावा, अशाला कोणी मुलगी देत नाही, कारण तो बायकोला पोसू शकत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी जे उघड बोलले गेले ते आपण मुलीकडच्यांपासून लपवतो. बावीस प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, जुगाराचे नाही, असे एक पोरगा मला म्हणाला होता. वर्षावासात विहारात या सुत्तावर एखादी संध्याकाळ बोलले जावे, असे मला तेव्हापासून वाटते.

"बाबासाहेबही परदेशात गेलेच ना?" हेही ऐकवतात. गेले. कसे गेले ते पूर्ण वाचावे. १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीही दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. प्रत्येक रुपया कुठून येणार, हे जहाजात बसण्याआधी ठरलेले होते.

आज तशा वाटा आहेत, अरुंद आहेत, पण आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. हप्ते उशिरा येतात ही विद्यार्थ्यांची तक्रार खरी आहे आणि त्यासाठी आपण भांडले पाहिजे. केंद्राच्या शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यातल्या बहुतेक अनुसूचित जातींसाठी. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्रात हा हक्क आहे, फक्त जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. ज्याला विद्यापीठ नको त्याच्यासाठी हातातले काम आहे. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा मुलांनाही करता येतो, तीन वर्षांचा आहे. जर्मनीला नर्स हव्या आहेत, इलेक्ट्रिशियन हवे आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्राने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी तसा करारही केला, तो फार पुढे सरकला नाही ही गोष्ट वेगळी. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषेचा साधारणपणे बी-२ टप्पा लागतो. रोज दोन तास दिले तर वर्ष-दीड वर्षाचे काम आहे, आणि त्यात सुधारणा होते की नाही ते परीक्षेत दिसते. मात्र टेलिग्रामवरून येणारी "थायलंडमध्ये डेटा एंट्री, विमान तिकीट फ्री" ही नोकरी घेऊ नका. अशा पोरांना म्यानमार-कंबोडियात डांबून ऑनलाईन फसवणुकीच्या कामाला लावतात. एजंट परवानाधारक आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते.

जिंकून बाहेर जाणार म्हणणारा पोरगा भेटला की मी एकच गोष्ट विचारते, पासपोर्ट काढला का? ३६ पानी पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे, यातली बरीच पोरे एका रात्रीत तेवढे टाकून बसतात. आतापर्यंत विचारलेल्यांपैकी एकाकडेही पासपोर्ट नव्हता.