चार विसा आणि सतरा

गेल्या श्रावणात कोल्हापुरातील एका स्नेह्यांच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेला जाण्याचा योग आला. तीर्थप्रसाद झाल्यावर यजमानांच्या दुसरीत शिकणाऱ्या नातवाला बैठकीच्या खोलीत बोलावण्यात आले. हाताची घडी घालून, डोळे मिटून त्याने फ्रेंच भाषेत एक ते वीस अंक घडाघडा म्हणून दाखवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आईने मोबाइलवर चित्रीकरण केले, आजोबांची छाती अभिमानाने फुलून आली.

त्याच वेळी माजघराच्या उंबऱ्याशी त्या बाळाची पणजी प्रसादाचे द्रोण मोजत बसली होती. बाई करवीर तालुक्यातील खेड्यातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. मोजणी संपवून त्यांनी सुनेला सांगितले, "चार इसा आन् सतरा झाल्यात बघ." बैठकीत हसू फुटले. "आजी अजून विसांतच आहे," असे कोणीतरी म्हणाले. नातवाने आईला विचारले, "व्हॉट इज इसा?" आईने उत्तर दिले नाही, कारण तिलाही ते नीट सांगता येत नव्हते.

वाचकहो, ज्या फ्रेंच भाषेच्या कौतुकासाठी टाळ्या पडल्या, त्या भाषेत सत्याण्णव या संख्येचा उच्चार काय आहे? शब्दश: 'चार वीस सतरा'. ऐंशी म्हणजे 'चार वीस', नव्वद म्हणजे 'चार वीस दहा'. पॅरिसच्या विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापकही असेच मोजतो. तीच रीत आमच्या पणजीच्या तोंडी आली की अडाणीपणा ठरते आणि परदेशी पुस्तकातून आली की तिची फी भरावी लागते!

हा प्रसंग एका घरापुरता असता तर त्यावर लेखणी झिजवण्याचे कारण नव्हते. परंतु आज मोठ्या शहरांतच नव्हे, कोल्हापूरसारख्या ठिकाणीही काही खासगी इंग्रजी शाळांच्या रंगीत माहितीपत्रकांत पोहण्याचा तलाव आणि घोडेस्वारी यांच्या जोडीला 'प्राथमिक वर्गापासून फ्रेंच' अशी ओळ झळकू लागली आहे. पालकही त्या ओळीला भुलतात. म्हणून प्रश्न विचारणे भाग आहे: सहा-सात वर्षांच्या मराठी बालकाला फ्रेंच शिकवण्यात नेमके कोणाचे हित आहे?

जिल्ह्याच्या सुपुत्राचा विसरलेला सल्ला

या प्रश्नाचे उत्तर शोधायला पॅरिसला जाण्याची गरज नाही. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीपर्यंत गेले तरी पुरे. त्या गावात १९०७ साली जन्मलेले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. प्राथमिक शाळेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे पहिली ते चौथीपर्यंत, मुलाला सक्तीने एकच भाषा शिकवावी आणि ती मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा असावी, अशी शिफारस त्या आयोगाने केली. दुसरी भाषा त्यानंतर. कोणत्याही भाषेविषयीच्या द्वेषातून ही शिफारस आलेली नव्हती. ज्या भाषेत मूल हसते, रडते, रुसते, भांडते, त्या भाषेत वाचणे-लिहिणे पक्के झाल्यावाचून पुढच्या भाषांचे मजले उभे राहत नाहीत, हा साधा विचार तिच्यामागे होता.

त्याआधी अर्धशतक, १९१७ साली, राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड बसवला. लेकराच्या अक्षरओळखीसाठी राजाने प्रजेला दंड करावा, एवढी त्या अक्षरांची थोरवी होती. पुढे १९८५ साली याच नगरीत लीलाताई पाटील यांनी 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले आणि मातृभाषेतून, आनंदाने, स्वत:च्या हाताने आणि बुद्धीने शिकणारे मूल कसे असते, हे महाराष्ट्राला दाखवून दिले. इतकी समृद्ध परंपरा दाराशी असताना आमची मध्यमवर्गीय घरे माहितीपत्रकातील एका ओळीवर भाळतात, याला काय म्हणावे?

धोरण काय सांगते?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत व त्यापुढेही, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे सुचवले आहे. तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात आणि फ्रेंच, जर्मन, जपानी आदी परकीय भाषा माध्यमिक स्तरावर उपलब्ध व्हाव्यात, असेही ते धोरण म्हणते. फ्रेंचला तेथे मज्जाव नाही. तिची जागा मात्र माध्यमिक शाळेत ठरवलेली आहे, बालवर्गात नव्हे.

महाराष्ट्रानेही २०२० साली कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आणि तो मोडणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. परंतु कायदा कागदावर राहिला तर त्याचा उपयोग काय? मराठीच्या तासिकेला वेळापत्रकात कोपऱ्यातली जागा, तिचे गुण गौण, आणि फ्रेंचसाठी खास वर्ग, खास शिक्षिका, खास वार्षिक उत्सव! कायद्याची अक्षरे पाळून त्याचा आत्मा मारण्याची ही रीत ओळखली पाहिजे.

केंद्रीय विद्यालयांतील प्रकरण जाणत्या वाचकांना स्मरत असेल. तेथे २०११ सालच्या एका करारान्वये सहावीपासून जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जाऊ लागली होती. त्रिभाषासूत्रात परकीय भाषेला जागा नाही, या कारणाने २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारने ती व्यवस्था बंद केली. तेव्हा केवढा गदारोळ झाला! 'मुलांच्या भवितव्याशी खेळ' अशी हाकाटी झाली. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय घेतला, तेव्हा राज्यभर वादळ उठले. जूनअखेर तो निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कोवळ्या वयात तीन भाषांचे ओझे नको, हा त्या विरोधातील सर्वांत सबळ मुद्दा होता आणि हिंदीविषयी पूर्ण आदर बाळगूनही तो मान्य करावा लागतो. पण मग हाच न्याय फ्रेंचला का नाही? देशातल्या भाषेचे ओझे होते आणि साता समुद्रापलीकडच्या भाषेची पिसे होतात, हा कोणता तराजू?

'लहानपणी भाषा लवकर येते'

फ्रेंचचे समर्थक हा युक्तिवाद हटकून करतात. तो पूर्णपणे खोटा नाही, म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. लहान मूल भाषा चटकन उचलते, ती आसपास बोलली जाते तेव्हा. गडहिंग्लज, शिरोळकडच्या गावांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा खेळता खेळता बोलणारी मुले आढळतात. त्यांना कोणी तासिका लावल्या नव्हत्या. शेजार, बाजार आणि जत्रा हीच त्यांची शाळा. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाच्या वर्गात, घरी व गल्लीत कोणीही न बोलणारी भाषा घोकून त्या नैसर्गिक शक्तीचा काडीचाही उपयोग होत नाही. चार गाणी, वीस अंक आणि 'बोंजूर' एवढेच पदरी पडते आणि सुटीत तेही विरते.

नवी भाषा बालपणीच हवी असेल तर कानडी का नको? कोल्हापूरहून निपाणी तासाभराच्या अंतरावर आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला दरवर्षी येथून हजारो भाविक जातात आणि जोतिबाच्या डोंगरावर कर्नाटकातून भक्त येतात. सीमाप्रश्नावर आपला आग्रह कायम ठेवूनही शेजाऱ्याची भाषा मुलाच्या कानावर पडू देण्यात कमीपणा नाही. आणि संस्कृत? स्तोत्रे व सुभाषिते यांच्या रूपाने ती तर घरातच आहे. पण कानडीला प्रतिष्ठा नाही आणि संस्कृत 'जुनाट' वाटते. म्हणजे हवी आहे ती प्रतिष्ठा. भाषा हे केवळ निमित्त.

दुसरा युक्तिवाद करिअरचा. कॅनडात जायचे, परदेशी कंपनीत नोकरी करायची, तर फ्रेंच लागेल. जरूर शिकावी! शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे, पुण्यात फ्रेंच शिकवणाऱ्या संस्था आहेत. मनात आणले तर वीस वर्षांचा तरुण वर्ष-दोन वर्षांत कामापुरती फ्रेंच आत्मसात करतो. त्यासाठी सहाव्या वर्षाचे बालपण गहाण ठेवण्याची आवश्यकता नाही.

फ्रान्सकडून काय शिकावे?

फ्रेंच भाषेविषयी आमच्या मनात आकस नाही. उलट फ्रेंच माणसाकडून एक गोष्ट अवश्य शिकावी: स्वभाषेचा अभिमान. १५३९ साली त्यांच्या राजाने न्यायालयांचे व शासनाचे दस्तऐवज फ्रेंचमध्येच लिहिण्याची आज्ञा काढली. १६३५ साली भाषेच्या जपणुकीसाठी अकादमी स्थापन झाली. १९९४ च्या कायद्याने शिक्षण, जाहिराती व कामाची जागा येथे फ्रेंचचे स्थान पक्के केले. तेथील प्राथमिक शाळेतही आज परकी भाषा शिकवतात, हे खरे. पण गणित, इतिहास, विज्ञान फ्रेंचमधूनच. पाया आपला आणि खिडकी परक्याची, ही त्यांची रचना. आमच्या या शाळांत पाया इंग्रजीचा, खिडकी फ्रेंचची आणि मराठीला जागा पायपुसण्यावर!

फ्रान्सच्या इतिहासाची काळी बाजूही पाहण्यासारखी आहे. ब्रिटनी प्रांतातील शाळांत एके काळी ब्रेटन ही घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी खडावेसारखी वस्तू अडकवून त्याला लाजवले जात असे. पिढ्या गेल्या आणि त्या मुलांनी आपल्या लेकरांशी ब्रेटन बोलणे सोडले. आपल्याकडे मराठी बोलल्याबद्दल मुलाला दटावले जाते, तेव्हा गळ्यातली ती खडावच फक्त दिसत नाही.

आणखी एका फ्रेंच माणसाची आठवण करून द्यायला हवी. गी प्वातव्हाँ हे गृहस्थ फ्रान्समध्ये जन्मले, पुण्यात स्थायिक झाले, मोठेपणी मराठी शिकले. हेमा राईरकर यांच्यासह आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने त्यांनी महाराष्ट्रातील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. एक फ्रेंच माणूस आमच्या आज्या-पणज्यांच्या दाराशी जाऊन त्यांचे शब्द टिपून घेतो आणि आमचा नातू त्याच पणजीचा शब्द कळत नाही म्हणून इंग्रजीत विचारतो!

आरसा आपल्यापुढेही

हे सारे लिहिताना बोट केवळ शाळांकडे दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाजारात मागणी असते म्हणून माल येतो. २०१५ साली नागपूर येथे अखिल भारतीय प्रतिनिधी सभेने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे, असा ठराव केला. तो आपण वाचला, त्यावर बौद्धिके ऐकली, माना डोलावल्या. आणि दुसऱ्या दिवशी प्रवेशाच्या रांगेत कोठे उभे राहिलो? ज्यांच्या घरी स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीवर चर्चा होते, त्यांच्या घरातील मुलांना 'एकोणसत्तर' म्हणजे किती हे कळत नाही, हे कटू सत्य आहे. प्रस्तुत लेखकाचे घरही त्याला अपवाद नाही. माझ्या मुलीला मी इंग्रजी शाळेतच घातले. ती आज मला मराठीतून पत्र लिहू शकत नाही, याचा दोष मी कोणावर ढकलू?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्याण्णव' ऐवजी 'नव्वद सात' अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा मराठी संख्या मुलांना अवघड जातात, असे कारण देण्यात आले. मराठी संख्या अवघड, आणि 'चार वीस सतरा' मात्र सोपे? अवघड असते ती ऐकायला न मिळालेली भाषा. ती ऐकवण्याचे काम शाळेआधी घराचे आहे.

म्हणून आग्रह एवढाच. येत्या जूनपूर्वी प्रत्येक पालकाने आपल्या शाळेत जाऊन विचारावे: मराठीच्या तासिका किती, शिक्षक कोण, आणि पहिली-दुसरीच्या वर्गात फ्रेंच कशासाठी? एकट्याने विचारले तर हसतील, वीस पालकांनी मिळून विचारले तर उत्तर द्यावे लागेल. आणि त्याच रात्री घरात रोजची पंधरा मिनिटे मराठी पुस्तकासाठी राखून ठेवावीत. पणजी हयात असेल तर मुलाला तिच्याजवळ बसवावे. चार विसा आणि सतरा म्हणजे किती, हे त्याला तिने शिकवू दे. फ्रेंच शिकायला उभे आयुष्य पडले आहे. पणजी फार दिवस राहणार नाही.