आकृत्यांची मालिका आणि धंद्याचं गणित

शिष्यवृत्ती परीक्षेतली बुद्धिमत्ता चाचणी आठवते ना? ओळीने आकृत्या दिलेल्या, पुढची ओळखा. "आपल्याला तेवढं डोकं नाही" असा शिक्का अनेकांनी तिथेच स्वतःवर मारून घेतला आणि आज धंदा सुरू करतानाही तेच म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: हा प्रश्न डोक्यापेक्षा पद्धतीचा आहे.

अख्खी आकृती एकदम बघू नका. आधी फक्त बाण बघा, दर वेळी ४५ अंश फिरतो की ९०? मग फक्त ठिपके मोजा. मग काळा-पांढरा भाग. न बसणारे पर्याय खोडत चला. उरतं ते उत्तर.

अलिबागला समुद्र अशीच मालिका रोज मांडतो. ओहोटीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि कुलाबा किल्ल्यात लोक ओहोटीलाच चालत जातात. म्हणजे आज अकराला ओहोटी, तर उद्या बाराच्या आसपास. किनाऱ्यावर नाश्त्याची गाडी लावणाऱ्याने हा एक नियम धरावा. शनिवार-रविवार हा दुसरा, पावसाळा हा तिसरा. प्रत्येक वेगळा तपासा, मग एकत्र जोडा.

पण सावध! दोन आकृत्यांवरून नियम ठरत नाही, तिसरीवर तपासावा लागतो. एका मे महिन्याची गर्दी बघून कर्ज काढू नका.

आजच वहीत तीन रकाने आखा: ओहोटी, वार, विक्री. महिनाभर भरा. पुढची आकृती तुम्हालाच दिसेल.