चाळीस वर्षांनी पुढचा भाग

भाचीने इअरफोनचा एक बोंडा स्वतःच्या कानात ठेवला आणि दुसरा माझ्या कानात खुपसला. "ओळख पाहू मावशी, कधीचं आहे?" घुमणारा ऑर्गन, मध्येच मूगची शीळ, आणि मागे किंचित थरथरणाऱ्या व्हायोलिनांचा ढग. मी ठामपणे म्हटलं, "१९७३." ती खदखदून हसली. "२०१३! म्हणजे कॉपीच झाली ना ही?"

या प्रश्नाने महिनाभर पिच्छा सोडला नाही, म्हणून या वेळी आपण इटलीत जाऊ.

१९७० च्या आसपास इंग्लंडमधल्या काही रॉक बँड्सनी तीन मिनिटांची गाणी सोडून वीस-वीस मिनिटांच्या रचना करायला घेतल्या. त्यांना घरच्यांआधी इटलीने डोक्यावर घेतलं. व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'पॉन हार्ट्स' १९७२ मध्ये तिथे थेट पहिल्या क्रमांकावर पोचला. ऑपेरा आणि चर्चच्या ऑर्गनवर वाढलेल्या कानांना हे परकं वाटलं नसावं, असा माझा अंदाज. लगेच इटलीचे स्वतःचे बँड उभे राहिले. मिलानच्या 'प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी'ने आपलं नाव चक्क एका बेकरीवरून घेतलं. त्यांच्या 'इम्प्रेस्सिओनी दी सेत्तेम्ब्रे'त ध्रुवपदाच्या जागी शब्दच नाहीत, तिथे मूग सिंथेसायझर गातो. रोमच्या 'बांको'त नोचेन्झी बंधू दोघेही कीबोर्डवर, आणि समोर धिप्पाड, दाढीवाला फ्रांचेस्को दी जाकोमो, ऑपेरातून चुकून इकडे आल्यासारखा गाणारा.

आणि व्हेनिसकडचा 'ले ऑर्मे'. त्यांचा १९७३ चा 'फेलोना ए सोरोना' म्हणजे दोन ग्रहांची गोष्ट, एक उजेडातला, एक अंधारातला. जेमतेम तेहतीस मिनिटं, आणि शेवट सुखाचा नाही.

पुढे दिवस फिरले. मैफिलींत राजकीय दंगे होऊ लागले. १९७७ मध्ये मिलानला सांतानाच्या मंचावर पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या आणि परदेशी कलाकार इटलीला यायचेच थांबले. नव्या पिढीला पंक आणि डिस्को हवं होतं. बरेच बँड मोडले, उरलेले सुटसुटीत गाण्यांकडे वळले.

भाचीने ऐकवलं ते जेनोवाच्या 'ला मास्केरा दी चेरा'चं, म्हणजे मेणाच्या मुखवट्याचं. फाबिओ झुफ्फांती आणि मंडळींनी २०१३ मध्ये 'ले पोर्ते देल दोमानी' काढला, तो सरळसरळ 'फेलोना ए सोरोना'चा पुढचा भाग! चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी सोडलेली गोष्ट त्यांनी उचलली, वाद्यंही त्याच काळातली.

त्या थरथरत्या व्हायोलिनांचं गुपित म्हणजे मेलोट्रॉन. बर्मिंगहॅमला बनणाऱ्या या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा एकेक सूर. पट्टी दाबली की टेप सरकते, आठेक सेकंदांत संपते, बोट उचललं की मागे जाते. म्हणजे वाजवणाऱ्याला सूर हवा तेवढा लांबवता येत नाही, टेप संपायच्या आत पुढे जावंच लागतं. सूर जरा हलतो, हेलकावतो. आज संगणकावर स्वच्छ व्हायोलिन फुकट मिळतं, तरी हे लोक तो हेलकावाच शोधतात.

जेनोवाच्याच लिगुरिया प्रांतातली आणखी एक जोडी मला फार आवडते. 'मुझेओ रोझेनबाख' या बँडने १९७३ मध्ये 'झरतुस्त्रा' काढला. मुखपृष्ठावरच्या कोलाजात मुसोलिनीचा अर्धपुतळा होता, त्यावरून गहजब झाला, रेकॉर्ड खपली नाही आणि बँड विस्कटला. गायक स्तेफानो 'लूपो' गालिफी विस्मरणात गेला. त्याला पुन्हा मायक्रोफोनसमोर आणलं एलिझा मोंतालदो या कितीतरी तरुण कीबोर्डवादिकेने. बँडचं नाव ठेवलं 'इल तेंपिओ देल्ले क्लेस्सीद्रे', वाळूच्या घड्याळांचं मंदिर. 'झरतुस्त्रा'च्या शेवटच्या भागाचंच ते नाव. २०१० मध्ये त्यांचा पहिला आल्बम आला, पण त्यातली गाणी मात्र नवी. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. म्हाताऱ्याला नुसतं जुनं गायला उभं केलं नाही, त्याला नवीन काम दिलं.

भाचीचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हेही सांगते. या वाटेवरचे काही बँड खरंच नकला करतात. जुना ऑर्गन आणला, वीस मिनिटं ताणली, झालं. असले मी दहाव्या मिनिटाला बंद करते.

दी जाकोमो २०१४ मध्ये मोटार अपघातात गेला. व्हित्तोरिओ नोचेन्झीने नवा गायक घेतला आणि २०१९ मध्ये 'बांको'चा 'त्रांसिबेरियाना' आला. पहिली दोन गाणी मी तो जुना आवाज शोधत बसले. तिसऱ्यापासून ऐकू लागले.

तुम्हाला ऐकायचं असेल तर आधी १९७३ चा 'फेलोना', मग २०१३ चा. फोन तेवढा वेळ बाजूला ठेवा. भाचीने उलट्या क्रमाने ऐकलं, आणि आता तिला ले ऑर्मेचाच पुढचा भाग वाटतोय.