खरं की रचलेलं?



मागच्या महिन्यात वर्गात ‘श्यामची आई’मधली गोष्ट वाचून दाखवत होते. आंघोळ झाल्यावर श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई ओचा पसरते, तीच. पुढे बसलेली एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, “बाई, हाई खरं शे का?” मी घाईत बोलून गेले, “अगं, गोष्ट आहे ती!” तिचा चेहराच उतरला. आपण उगाच रडलो, असं तिला वाटलं.

माझं चुकलंच. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन पुस्तकांची नावं लिहिली.

पहिलं ‘गीता प्रवचने’. १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. तिथं गुरुजींनी पदरचं काही घालायचं नव्हतं.

दुसरं ‘श्यामची आई’. अमळनेरच्या मुलांचे हेच गुरुजी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहायला बसले. आई खरी, घरची गरिबीही खरी. पण पांडुरंगाचा श्याम झाला आणि आठवणी रोज रात्री सांगितलेल्या गोष्टींत ओवल्या गेल्या. घडलेलंच सांगायचं, पण कादंबरीसारखं! पुढे १९६६ साली अमेरिकेत ट्रुमन कपोटी यांनी एका खऱ्या गुन्ह्यावर असंच पुस्तक लिहिलं.

तिसरं रणजित देसाईंची ‘स्वामी’, १९६२ सालची. माधवराव पेशवे खरे, १७७२ साली थेऊरला ते वारले हेही खरं. पण एकांतात ते रमाबाईंशी काय बोलले, हे ऐकायला कोण होतं? ती वाक्यं लेखकाची. वाचताना गोड लागतात, पण इतिहासाच्या पेपरात लिहायची नाहीत हं!

मग रेघ कुठे? माहितीत मोकळी जागा आली की ऐतिहासिक कादंबरीकार ती कल्पनेनं भरतो. घडलेल्याची कादंबरी लिहिणारा आधी चौकशी करतो, आठवून पाहतो.

ती मुलगी म्हणाली, “मंग आई खरी व्हती ना?” “होती गं!” तिनं पुस्तक घरी नेलं.

आता तुम्ही करा. आजीला १९७२च्या दुष्काळाची आठवण विचारा. ती सांगेल ते निळ्या शाईनं लिहा, तुमच्या मनचं लाल शाईनं. आणि पालकहो, मुलांनी “हे खरं का?” विचारलं, तर माझ्यासारखी घाई करू नका.

तुमच्या बाई