नमुना घर आणि नांदते घर

प्रदर्शनातल्या नमुना घराची एक मोठी सोय असते. त्यात कोणी राहत नाही. दोरीवर वाळणारे कपडे नसतात, माळ्यावर गाद्यांचे गठ्ठे नसतात, आजारी माणूस नसतो. आपल्याकडच्या ‘सॅम्पल फ्लॅट’मध्ये हे चटकन जाणवते, पण या रिकामेपणाची कुळकथा जुनी आहे.

१९२७ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट येथे वेर्कबुंड या संस्थेने घर या विषयावर प्रदर्शन भरवले. मीस व्हान डेर रोहे यांच्या नेतृत्वाखाली १७ वास्तुकारांनी वायसेनहोफ वसाहतीत २१ इमारती उभारल्या. ले कॉर्ब्युझिए यांच्या जोडघरात दिवसा एक प्रशस्त दालन असे. रात्री सरकत्या भिंतींनी त्याच्याच खोल्या होत आणि कपाटाखालचे पलंग बाहेर येत. बोळ मात्र आगगाडीच्या डब्यातल्यासारखा अरुंद. कल्पना देखणी आहे, आणि वास्तुकलेच्या इतिहासातले या वसाहतीचे स्थान नाकारण्याचे कारण नाही. परंतु घरातली सगळी माणसे एकाच वेळी झोपतात, हे इथे गृहीत धरलेले आहे. रात्रपाळीहून आलेल्याने कुठे निजावे? तापाने फणफणलेल्या मुलाने? २००६ पासून या जोडघरात संग्रहालय आहे. प्रदर्शनासाठी जन्मलेले घर अखेर प्रदर्शनालाच परत मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच १९२७ साली पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९५१ ते १९५४ या काळात ले कॉर्ब्युझिए यांच्याच पॅरिसमधल्या कार्यालयात होते. १९८०च्या दशकात त्यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीचा आराखडा केला; भूखंड सुमारे साडेसहा हजार. नमुना घरे तिथेही बांधली गेली, ८०. फरक हेतूत होता. गरीब कुटुंबाला भूखंडाबरोबर जोते, पाणी आणि संडास-न्हाणीचा गाभा मिळायचा. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. ओटा, सज्जा, बाहेरचा जिना कसकसा जोडता येईल, एवढेच ती ८० घरे सुचवत होती. लोकांनी पुढे त्यांतही मनाजोगे फेरफार केले.

अर्धे घर हाती ठेवून शासन मोकळे होते, असा आक्षेप यावर घेता येईल. तो पोकळ नाही; गरिबाच्या श्रमाला किंमत असतेच. तरीही राहणाऱ्याला काही ठरवता येते हे मान्य करणारा नमुना मला अधिक प्रामाणिक वाटतो.

कारण आता उलट दिशेने चाललो आहोत. ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींत आतल्या भिंतीही बहुधा भार पेलणाऱ्या असतात. लग्न झालेल्या मुलासाठी खोली मोठी करावी म्हटले तर भिंत पाडता येत नाही. सॅम्पल फ्लॅट पाहणाऱ्या कुटुंबाला पडदे, दिवे, फरशी सगळे दाखवले जाते. यातली कोणती भिंत आपल्या हयातीत हलू शकेल, हे तिथे लिहिलेले नसते. ते विचारावे लागते, आणि सहीच्या आधी विचारावे लागते.